चांदणी नसलेला आकडा

लघवीचं माप घ्यायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं.
पिशवी कॉटच्या कडेला खाली लटकलेली,
उभ्यानं पाहिलं की तिशीचे चाळीस दिसतात.
साळवे सिस्टर म्हणायच्या, "डोळा पाण्याच्या रेघेशी ने,
रेघेला तुझ्या डोळ्यापर्यंत बोलावू नकोस."
आता त्या वानवडीला असतात,
त्यांचेच गुडघे गेलेत.

बेड अकरा. शेवंता आल्हाट, वय एकसष्ट,
मार्केट यार्डात झेंडू विकतात.
आतड्याचं ऑपरेशन, दुसरी रात्र,
वजन चोपन्न.
चोपन्नचे निम्मे सत्तावीस,
तासाला एवढं तरी उतरायला हवं.

दहाला तीस. अकराला चोवीस. बाराला वीस.
बीपी वरचं नव्वद, संध्याकाळी एकशे दहा होतं.
एकला नळी चाचपली,
मुडपली नाही ना, मांडीखाली दबली नाही ना.
ओटीपोटावर हात ठेवला. मऊ.
म्हणजे अडलेलं काही नव्हतं,
बनतच नव्हतं.

बाहेर नातेवाइकांच्या बाकावर कुणाच्या तरी मोबाइलवर
खडकवासल्याची बातमी,
धरणात किती टीएमसी, कालव्यात किती क्युसेक.
या शहराला धरणाचं पाणी तोंडपाठ असतं.
मी तक्त्यात लिहिलं : पंधरा मिली.

रिपोर्ट काढला. क्रिएटिनिन एक पूर्णांक एक.
पुढे चांदणी नाही.
मशीन चांदणी छापतं
ते आकडा कुंपणाबाहेर पडल्यावर.
परवाचा, ऑपरेशनआधीचा कागद
विम्याच्या झेरॉक्सखाली सापडला :
शून्य पूर्णांक सात.
हाही आत, तोही आत.
दोघांमधलं अंतर
कुणी छापत नाही.

दोनचं इंजेक्शन ट्रेमध्ये तयार होतं,
दुखण्यावरचं.
शेवंताबाई कण्हत होत्या. दुखत होतं ते खरंच.
आणि ते औषध अशा वेळी मूत्रपिंडाला सोसत नाही,
तेही खरंच.
मी ट्रेवर फडकं टाकलं आणि फोन उचलला.

डॉक्टर मुजावर तीस तास जागे.
"सिस्टर, नॉर्मल आहे की."
"आजचा नॉर्मल आहे सर. परवाचाही नॉर्मल आहे.
दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवलेत,
तेवढे येऊन बघा."
थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग पायानं चप्पल शोधल्याचा आवाज.

त्यांनी छाती तपासली, फुफ्फुसांत पाणी नाही ना.
सलाईन वाढवलं. दुखण्यावर दुसरं काही दिलं.
रक्त पुन्हा पाठवलं, पोटॅशियम धरून.
मोठ्या सरांना उठवलं, शिव्या खाल्ल्या
त्यांनी, मी नाही.

तीनला बारा.
चारला सोळा.
या दोन तासांचं मला काही सांगता येत नाही.
पाचला सव्वीस.
सहाला अडतीस, आणि रंग
कोऱ्या चहात लिंबू पिळावं तसा उतरलेला.
मी फरशीवर बसलेलीच होते.
उठताना कॉटचा दांडा धरावा लागला.

सकाळी मुलगी आली. शेवंताबाईंनी तिला पहिलं हेच सांगितलं,
"या बयेनं रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही.
दर तासाला खाली बसून
काय शोधत होती, कुणास ठाऊक."
मुलीनं माझ्याकडे पाहिलं, चांगलं नाही पाहिलं.
मी म्हटलं, "हो."

हँडओव्हरला जॉयसीला सांगितलं :
अकरा नंबर. दर तासाला. दुपारचा रिपोर्ट आला की
परवाचा शेजारी ठेव.
आणि उभ्यानं बघू नकोस.

धनकवडीला पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते.
आज गुरुवार, नळाला पाणी नाही.
काल भरून ठेवलेल्या पिंपात तांब्या बुडवताना आठवलं,
रात्री अकरापासून मी घोटभरही प्यायले नव्हते,
आणि गेलेही नव्हते.
तांब्या डोळ्यांसमोर धरला,
रेघ शोधली.
मग उभ्यानंच प्यायले.